बोट लावावं लागतं, हे कुणाला सांगू?

पाळी, अंगावरून जाणं, लघवी यांबद्दल बायका आता स्वतःचं नाव घालून लिहितात. शौचाबद्दल लिहिताना मात्र नाव नसतं, नुसतं गाव असतं. अशी पत्रं साठत गेली, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडी आवरून छापली आहेत.

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ४६. अंगणवाडीत काम करते. तीन मुलं. तिन्ही बाळंतपणं नॉर्मल, पहिल्या वेळी चिमटा लावावा लागला होता. पाच-सहा वर्षं झाली, शी दारापर्यंत येते आणि अडते. कितीही कुंथलं तरी उतरत नाही. मग पुढच्या वाटेत बोट घालून मागे दाबलं की होते. हात धुऊन बाहेर आले की परत लागल्यासारखं वाटतं. सकाळचा अर्धा तास यातच जातो. मूळव्याधीची औषधं झाली, चूर्णं झाली. एका ठिकाणी सांगितलं, अंग बाहेर येतंय, पिशवी काढून टाका, सगळं मोकळं होईल. काढू का? नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. आपण रोज काहीतरी घाण करतोय असं वाटत राहतं. — एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : पिशवीचं नंतर बोलू. आधी बोटाचं.

तुम्ही घाण काही करत नाही. योनीमार्ग आणि गुदाशय यांच्यामध्ये एकच पडदा असतो. बाळंतपणात तो ताणला जातो, चिमटा लागला असेल तर जास्तच. पुढे वर्षानुवर्षं कुंथून, ओझी उचलून आणि पाळी जायच्या सुमाराला तो आणखी सैल होतो. जुन्या कापडी पिशवीत तांदूळ भरले की जिथे कापड विरलेलं असतं तिथेच फुगवटा येतो ना, तसा हा पडदा पुढे, योनीच्या बाजूला फुगतो. याला रेक्टोसील म्हणतात. तुम्ही कुंथता तेव्हा जोर खाली दाराकडे जायच्या ऐवजी त्या फुगवट्यात जातो आणि शी तिथे जाऊन बसते. जोर थांबवून तुम्ही उठलात की ती परत मागे सरकते, म्हणून हात धुतल्यावर पुन्हा लागल्यासारखं वाटतं. तुमचं बोट त्या सैल पडद्याला टेकू देतं, एवढंच. आम्ही डॉक्टर याला स्प्लिंटिंग म्हणतो आणि ज्यांना गरज असते त्यांना मुद्दाम शिकवतो. तुम्हाला ते न शिकवता सापडलं.

नख कापलेलं असू द्या. हात आधीही साबणाने धुवा आणि नंतरही. दाब हलका, मागे माकडहाडाच्या दिशेने. बोट आत घालायला नको वाटत असेल तर योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेवर बाहेरूनच दोन बोटांनी वर दाबून बघा, काही जणींचं तेवढ्यावर भागतं. गुदद्वारात बोट घालून खरवडून काढणं मात्र टाळा. तिथली त्वचा नाजूक असते, चिरते.

हे मी आज सहज लिहिते आहे, पण मलाही ते कुणी शिकवलं नव्हतं. शिकत असताना आम्ही पाळी विचारायचो, पांढरं विचारायचो, लघवी विचारायचो, आणि केसपेपरच्या शेवटी ‘शौच-लघवी नॉर्मल’ असं न विचारताच लिहून मोकळं व्हायचो. मग माण तालुक्यात एका शिबिरात साठीची एक बाई कंबरदुखीसाठी आली. तपासायला टेबलावर चढताना तिने डाव्या हाताचा अंगठा मुठीत लपवला. मी विचारलं, काय झालंय हाताला? तिने आधी दाराकडे पाहिलं, तिथे तिची सून उभी होती. सुनेला मी बाहेर पाठवलं. मग ती म्हणाली, “बाई, अंगठ्यानं दाबून काढावं लागतंया. थोरल्याच्या येळंपासनं.” थोरला तेव्हा सैन्यातून पेन्शनीवर आला होता. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर एक प्रश्न पक्का झाला : शी होताना हात लावावा लागतो का? मी विचारते तेव्हा बायका आधी चमकतात आणि लगेच ‘हो’ म्हणतात. जणू कुणीतरी विचारायचीच वाट पाहत होत्या.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. जगाला त्या आकड्यांचा धक्का बसला. मला वाटतं, शौचाचं दुखणं त्या सगळ्याच्याही तळाशी दबलेलं असतं. पांढऱ्याबद्दल बाई शेजारणीशी तरी बोलते.

आता पिशवी. नुसती शी साफ व्हावी म्हणून काढायची असेल तर माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ आहे. तुमची अडचण योनीच्या मागच्या भिंतीत आहे, पिशवी त्या भिंतीच्या वर असते. पिशवी फार खाली उतरली असेल, चालताना घासत असेल, तर तिचा वेगळा विचार होईल. पण पिशवी गेली आणि पडदा तसाच सैल राहिला तर टाके सुकल्यावर तुम्ही पुन्हा त्याच संडासात, त्याच जागी अडून बसाल. आपल्याकडे पिशवी काढायचा सल्ला फार स्वस्त झाला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या इतक्या काढल्या गेल्या की २०१९ साली राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्या बायकांपैकी कितीजणी मोळ्या वाहून ओटीपोट जड होतं एवढीच तक्रार घेऊन गेल्या असतील, हा विचार मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

आणखी एक. फुगवटा दिसला म्हणजे सगळा दोष त्याचाच, असं नसतं. मुलं झालेल्या कितीतरी बायकांना तो असतो आणि काडीचा त्रास नसतो. गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरणारा एक स्नायू आहे, प्युबोरेक्टालिस. एरवी तो त्या नळीला बाक देतो. बागेतल्या पाइपाला मोड घातली की पाणी थांबतं, तसं. शौचाला बसल्यावर तो सैल सुटला पाहिजे. काही जणींचा सुटतच नाही, कुंथलं की उलट आणखी आवळतो. अशी बाई आतून कडी लावलेलं दार ढकलत राहते, आणि वर्षानुवर्षं असं ढकलल्याने पडदा आणखी फुगतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी हे तपासायलाच हवं. हातमोजा घातलेलं बोट गुदद्वारात ठेवून डॉक्टर ‘आता शीला जोर करा’ म्हणतात, जाणत्या डॉक्टरला तेवढ्यात बरंच कळतं. पुढची तपासणी फुग्याची. छोट्या रबरी फुग्यात ५० मिलिलिटर पाणी भरून तो आत ठेवतात आणि साधारण मिनिटभरात बाहेर ढकलता येतो का ते पाहतात. गरज वाटली तर मॅनोमेट्री, म्हणजे आतला दाब मोजणं, किंवा एमआरआयवर डिफेकोग्राफी, म्हणजे जोर देताना आत काय होतं त्याची चित्रं. स्नायू सुटत नसेल तर औषध म्हणजे बायोफीडबॅक, स्क्रीनकडे बघत तो सोडायला शिकणं. ते फिजिओथेरपिस्टचं काम, कात्रीचं नाही.

तोवर घरी काय कराल? तुमच्याकडे कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा स्टूल घ्या, मोरीत बसायला वापरतो तो प्लॅस्टिकचा ठेंगणा चालेल. गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. कोपरं मांड्यांवर टेकवून थोडं पुढे वाका. उकिडवं बसायचं संडास असेल तर बाक बराचसा आपोआप सुटतो, पण तिथे अर्धा तास बसणं वाईट, सगळा भार खाली ओढला जातो. आता दोन्ही हात कमरेच्या बाजूंना ठेवा आणि खोकून बघा. बोटं बाहेर ढकलली गेली? शौचाच्या वेळी तीच जागा रुंद करायची. पोट आत ओढायचं नाही, पुढे सोडायचं. ओठ किंचित उघडे ठेवून, गरम चहावर फुंकर मारतो तसा श्वास हळूहळू सोडत खाली जोर द्यायचा. श्वास कोंडून, दात आवळून कुंथायचं नाही. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, नंतर परत लागेल तेव्हा जा.

आणि लागेल तेव्हा खरंच जा. खाल्ल्यावर आतडी हलतात, म्हणून सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात कळ येते. नेमकी तीच वेळ डबे भरायची, आणि तुमच्या बाबतीत अंगणवाडी उघडायची. बाई कळ दाबते. रोज दाबली की गुदाशय कळ द्यायचंच विसरत जातो, शी आत सुकते, दगड होते. घरात कुणाला तरी सांगा की ही वीस मिनिटं माझी. नवऱ्याला सगळं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण वीस मिनिटांचं तेवढं सांगा.

हे सगळं नीट तीन महिने करूनही अडत असेल आणि तपासणीत फुगवटाच कारण ठरला, तर योनीमार्गातून मागच्या भिंतीला टाके घालून ती सावरता येते. पिशवीही खाली असेल तर योनीत सिलिकॉनची रिंग बसवून आधी काही महिने बघता येतं. नुसत्या मागच्या भिंतीला रिंगचा आधार दर वेळी पुरतो असं नाही. टाके घातल्यावरही कुंथायची सवय तशीच राहिली तर ते परत ताणले जातात.

मूळव्याध म्हणून तुम्ही औषधं घेतलीत, तेव्हा आतून तपासलं होतं का, ते पत्रात नाही. शीतून रक्त पडत असेल, काळी शी होत असेल, वजन उतरत असेल, हिमोग्लोबिन विनाकारण घटलं असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, किंवा शौचाची सवय अलीकडेच अचानक बदलली असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी आतड्याची तपासणी करून घ्या.

प्रश्न : मी ३१ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी पहिलं बाळ झालं. बाळ मोठं होतं, व्हॅक्यूम नीट लागला नाही म्हणून फोर्सेप्स लावले. खूप टाके पडले, ‘थर्ड डिग्री’ असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय. तेव्हापासून वारा धरता येत नाही. दोन वेळा कपड्यांत थोडी शीसुद्धा झाली. आई म्हणते बाळंतपणानंतर होतं असं, भरेल हळूहळू. पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू होतंय. मीटिंगमध्ये बसायची भीती वाटते. — एक वाचक, पिंपरी

उत्तर : आईंना तुमची काळजी आहे, पण या बाबतीत त्यांचं ऐकून वाट बघू नका. थर्ड डिग्री म्हणजे गुदद्वार आवळून धरणाऱ्या गोल स्नायूपर्यंत चीर गेली होती. टाके घातले तरी तो पूर्वीइतका घट्ट जुळला आहे का, ते बघावं लागतं. ज्यांनी बाळंतपण केलं त्यांच्याकडे ते कार्ड घेऊन जा आणि ‘वारा आणि शी, दोन्ही सुटतंय’ असं या शब्दांत सांगा. ‘थोडा प्रॉब्लेम आहे’ असं म्हणू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. गरज पडली तर गुदद्वाराची सोनोग्राफी करतात, त्यात स्नायूतली फट दिसते. चार महिन्यांत शरीर अजून सावरत असतं, म्हणून आत्ताच व्यायाम सुरू केलेला बरा.

व्यायाम असा. वारा अडवायचा आहे असं समजून मागचं दार आवळा आणि आत-वर ओढा. मांड्या, ढुंगण, पोट यांतलं काही आवळायचं नाही, श्वास चालू ठेवायचा. जमेल तितके आकडे धरा, मग पूर्ण सोडा, आवळलं तितकाच वेळ. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. बाळाला पाजायला बसता तीच वेळ ठरवून टाका. लघवी करताना मधेच थांबवून हा व्यायाम करायचा नाही. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांना केगेल म्हणतात. मोबाईलवर बघून करण्यापेक्षा एकदा पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. बऱ्याच जणी आवळायच्या ऐवजी खाली ढकलत असतात आणि ते त्यांना कळतही नाही.

वरच्या पत्रातल्या बाईंना मात्र हा व्यायाम मी तपासल्याशिवाय सांगितला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. स्नायू सुटतच नसेल तर आधी सोडायला शिकावं लागतं. ‘सगळ्या बायकांनी केगेल करा’ असं सरसकट सांगितलं जातं, ते मला पटत नाही.

ऑफिसचं. शी बांधून झाली की धरायला सोपी जाते. पातळ होत असेल तर काय खाल्ल्यावर होते ते आठवडाभर लिहून ठेवा. डिंक-अळिवाच्या लाडवांतलं तूप आणि वर दूध, एवढ्यानेही काही जणींना घाई होते. ऑफिसला निघण्याआधी शौचाला जाऊन या. पॅड लावलंत तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि पुढच्या बाळाच्या वेळी, पहिल्या तीन महिन्यांतच, डॉक्टरांना ही चीर सांगा. त्रास राहिला असेल तर सिझेरियन करायचं का, हे तेव्हा बोलून ठरवायचं असतं.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. महिना झाला, दिवसातून सात-आठ वेळा पातळ, पाण्यासारखी शी डायपरमध्ये गळते. त्यांना कळतही नाही. जुलाब थांबायच्या गोळ्या दिल्या, उपयोग नाही. पोट फुगलंय. — एक वाचक, फोंडा

उत्तर : त्या गोळ्या आज बंद करा आणि डॉक्टरांना घरी बोलावून गुदद्वारातून तपासायला सांगा. तुमच्या वर्णनावरून हे जुलाब नसून आत घट्ट शीचा गोळा अडकला असण्याची शक्यता मोठी आहे. वरून आलेलं पातळ पाणी त्या गोळ्याच्या कडेने वाट काढतं आणि गळतं. जुलाब थांबवायची गोळी दिली की आतला दगड आणखी पक्का होतो. एनिमा देऊन किंवा हाताने तो मोकळा करावा लागेल, मग रोज शी मऊ ठेवायचं औषध. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुखण्याच्या गोळ्या, कॅल्शियम आणि लोह एकदम सुरू होतं आणि तिन्हींनी शी घट्ट होऊ शकते. कुठली किती दिवस लागणार, ते विचारा. लघवी तुंबतेय का तेही बघायला सांगा, शीच्या गोळ्याचा दाब तिथेही पडतो. डायपर बदलताना पुसण्याऐवजी कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा आणि झिंकचं मलम लावा. दिवसातून इतक्या वेळा हे करणारे तुमचे हात दुखत असतील. घरातल्या पुरुषांनाही शिकवा, त्यांच्याही आईचं अंग आहे ते.

प्रश्न : वय ५८. साखरेच्या गोळ्या दोन वर्षं चालू आहेत. सकाळी फिरायला गेलं की अचानक घाई होते, घरी पोचेपर्यंत धरवत नाही. फिरणं सोडलंय. इसबगोल घेऊ का? त्याने तर उलट होईल ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : गोळीच्या पाकिटावर मेटफॉर्मिन लिहिलंय का बघा. तिने काही जणांची शी पातळ होते. आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना ही घाई सांगा, हळूहळू विरघळणारी गोळी किंवा दुसरं औषध देता येतं. इसबगोल दोन्हीकडे चालतो. घट्ट शीला तो ओल देतो आणि पातळ शीतलं पाणी शोषून तिला बांधतो. चमचाभर, भरपूर पाण्याबरोबर घ्या, इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. बद्धकोष्ठाच्या चूर्णांत मात्र बहुतेक वेळा सोनामुखी असते, ती वेगळी गोष्ट आहे, ती तुम्ही घेऊ नका. आणि स्नायू तपासून घ्या. बाळंतपणातली जुनी चीर तरुणपणी भागवून नेते आणि पाळी गेल्यावर डोकं वर काढते. फिरणं सोडू नका. सध्या ज्या रस्त्यावर संडास आहे तिथे फिरा.

प्रश्न : मला लिहिता येत नाही, नात लिहितेय. बोट लावावं लागतं मलाही. दवाखान्यात तपासायला काय करतात? आणि बोलायचं कसं? पुढ्यात पुरुष डॉक्टर असला की जीभ उचलत नाही. — एक आजी, पारनेर तालुका

उत्तर : आजी, नातीकडून लिहून घेतलंत, अवघड काम तिथेच झालं.

तपासताना कुशीवर किंवा पाठीवर झोपवतात. आधी नुसतं बघतात, खोकायला, जोर द्यायला सांगतात. मग हातमोजा घालून, जेली लावून एका बोटाने पुढून आणि मागून तपासतात. दोन-तीन मिनिटं लागतात. दुखलं तर ‘थांबा’ म्हणा, थांबायलाच हवं त्यांनी. पुरुष डॉक्टर असेल तर सिस्टरला आत उभं राहायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. जाण्याआधी संडासला जाऊन या. नाहीच झालं तरी तसंच जा, आम्हाला त्याची सवय असते.

बोलायचं अवघड वाटत असेल तर नातीने ही ओळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावी आणि तुम्ही केसपेपरबरोबर तो कागद टेबलावर ठेवावा : ‘शी दारापर्यंत येते, बोटाने दाबल्याशिवाय उतरत नाही, अमुक वर्षं झाली.’ वर्षांचा आकडा तेवढा तुम्ही सांगा.